रंगाखालचा पत्रा : जुनी पद्मिनी घ्यावी की नाही?

धान्याचा व्यापारी पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यांवर सौदा करीत नाही. तो पोत्यात नळी खुपसतो, तळाचा माल तळहातावर घेतो आणि मगच भाव बोलतो. सराफ दागिन्याच्या झळाळीवर न जाता सोने कसाला लावतो. ही सवय ज्यांच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे, अशी माणसेही एका वस्तूपुढे मात्र वारंवार फसतात. ती वस्तू म्हणजे लहानपणी घरासमोर उभी असलेली जुनी मोटार. तिच्या बाबतीत डोळे रंगावर खिळतात, हात सुकाणूवर जातो आणि तळाचा माल पाहायचा राहून जातो.

महाराष्ट्रातील असंख्य व्यापारी घरांत ही मोटार म्हणजे फियाट, अर्थात प्रीमियर पद्मिनी. परवाना-पद्धतीच्या काळात तिच्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. दुकानाची उधारी वसूल करण्यापासून वऱ्हाड नेण्यापर्यंत सारी कामे तिने केली. आज त्याच घरांतील नातवंडांना ती पुन्हा दारात उभी असावी असे वाटू लागले आहे, आणि जुन्या पद्मिनींना पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागले आहे.

समजा, बार्शीच्या एका आडत दुकानदाराच्या घरी असाच प्रश्न निघाला. आजोबांनी सत्तरच्या दशकात घेतलेली पद्मिनी पुढे एका वाईट हंगामात देणी भागवण्यासाठी विकावी लागली होती. नातवाने आता दोन गाड्या हेरल्या आहेत. एक मुंबईची : चकचकीत रंग, नवी आसने, मागणी सव्वा लाखाच्या आतली. दुसरी सोलापूरची : रंग फिका, आसनांना ठिगळे, आणि मालक तीन लाखांच्या खाली यायला तयार नाही. वडील म्हणतात, घ्यायचीच तर स्वस्तातली घ्या. धाकटे काका म्हणतात, दुकानाचे भांडवल लोखंडात कशाला अडकवायचे? आजोबा काही बोलत नाहीत. आणि ते बोलत नाहीत म्हणूनच प्रत्येकाला वाटते की त्यांना गाडी हवी आहे. असा प्रसंग अनेक घरांत येतो. त्याचा निकाल भावनेने किंवा केवळ काटकसरीने लावण्याआधी त्या गाडीचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

कुर्ल्याची मोटार

पद्मिनीची कथा एका सोलापूरकराच्या धाडसापासून सुरू होते. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांची स्वप्ने पारतंत्र्याच्या काळात पाहिली. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकन बनावटीच्या गाड्या जोडल्या गेल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले आणि पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० भारतीय रस्त्यांवर आली. तिच्या सुरुवातीच्या गोलमटोल रूपाला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले, आणि तेच टिकले.

या गाडीचा मूळ आराखडा १९५३ सालचा. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावरच गिअर, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. इटलीत ११०० या मालिकेचे उत्पादन १९६९ साली थांबले. भारतात मात्र नावे बदलत ती चालू राहिली. १९७४ पासून ती चितोडच्या राणीच्या नावाने ‘पद्मिनी’ झाली आणि शतक संपता संपता तिचे उत्पादन बंद पडले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती त्यानंतरही दिसत राहिली. शहरात टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे, ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. गाडी कितीही उशिरा तयार झालेली असो, तिच्या अंगाची घडण पन्नाशीच्या दशकातली आहे. आणि गंजाचे मूळ त्या घडणीत आहे.

गंज कोठून येतो

लोखंडाला पाणी आणि प्राणवायू एकत्र मिळाले की गंज चढतो. त्यात मीठ आले की वेग वाढतो. गंजण्याची क्रिया मुळात विद्युत-रासायनिक आहे आणि खारट पाण्यातून विजेचे वहन सहज होते. त्यामुळे समुद्राकाठच्या गावातील गाडी आणि पठारावरील गाडी एकाच वर्षाची असली तरी त्यांचे वय सारखे नसते. मुंबईत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारी हवा असते. सोलापुरात पाऊस त्याच्या निम्म्याहूनही कमी आणि हवा कोरडी. मुंबईच्या गाडीने वीस पावसाळे रस्त्याच्या कडेला काढले असतील, तर तिच्या पत्र्याने सोलापूरच्या गाडीपेक्षा कितीतरी अधिक सोसलेले असते.

गंजाची दुसरी खोड अशी की तो बाहेरून आत जात नाही. बहुतेक वेळा आतून बाहेर येतो. मोटारीच्या अंगात पुष्कळ पोकळ्या असतात. दारांच्या तळाशी, चाकांवरील कमानींच्या मागे, दारांखालच्या पट्ट्यांत चिखल आणि पाणी साचते. हे पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली लहान भोके मातीने बुजली की आतला पत्रा महिनोन्‌महिने ओला राहतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने रंगाला फोड येतात. बाहेर मसुराएवढा फोड दिसतो तेव्हा आतली बाजू बहुधा तळहाताएवढी खाल्ली गेलेली असते.

आज अनेक मोटारींच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो आणि संपूर्ण सांगाडा संरक्षक द्रावणात बुडवून विजेच्या साहाय्याने पोकळ्यांच्या आतपर्यंत थर चढवला जातो. पद्मिनीचा आराखडा झाला त्या काळात ही रीत रूढ नव्हती.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट गाडीच्या सांगाड्याची. जीप किंवा मद्रासला तयार होणारी स्टँडर्ड हेराल्ड यांना खाली स्वतंत्र चेसिस असे. वरचा पत्रा सडला तरी भार तोलणारी चौकट वेगळी असे आणि अंग सोडवून दुरुस्त करता येई. पद्मिनीला अशी वेगळी चेसिस नाही. तिचे तळ, दारांखालच्या पट्ट्या, खांब आणि छप्पर मिळूनच तिचा सांगाडा बनतो. घरात जसे भिंतींवरच छत उभे असते, तसे. म्हणून पद्मिनीत गंज हा केवळ रूपाचा दोष ठरत नाही. तो भिंतीला लागलेली वाळवी ठरतो. आसनपट्टा ज्या तळाला बांधायचा तो तळच कुजका असेल, तर पट्टा नसल्यातच जमा. ज्या गाडीत मुलाबाळांना बसवायचे, तिच्याबद्दल हा विचार पैशाच्या आधी यायला हवा.

पाहणी कशी करावी

पाहणीसाठी मोठी आयुधे लागत नाहीत. एक चांगला टॉर्च, एक लहान लोहचुंबक, बोथट टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर, जुने कापड आणि गाडी उचलण्याची सोय एवढे पुरे. शक्यतो पत्र्याचे काम करणारा जाणता कारागीर बरोबर न्यावा. इंजिनाचा मिस्त्री हा त्याला पर्याय नाही. पद्मिनीचे इंजिन साधे आहे, हजारो हातांनी ते उघडून बसवलेले आहे आणि त्याचे बहुतेक दोष दूर करता येतात. विक्रेता मात्र नेमके इंजिनच सुरू करून दाखवतो, कारण त्याचा आवाज ऐकला की गिऱ्हाईक भारावते. इंजिन शेवटी पाहावे.

गाडी दिवसाउजेडी आणि कोरडी असताना पाहावी. नुकतीच धुतलेली ओली गाडी सगळे दोष लपवते. प्रथम थोड्या अंतरावर उभे राहून दारांच्या फटी पाहाव्यात. फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसत असेल, किंवा दार उचलून लावावे लागत असेल, तर बिजागरी झिजली आहे की खालचा सांगाडाच वाकला आहे हे तपासावे. चारही दारे उघडून पुन्हा लावून पाहावीत. मग गाडी जॅकवर घेऊन तीच दारे पुन्हा लावावीत. जमिनीवर नीट लागणारी दारे गाडी उचलल्यावर अडकू लागली, तर तळाने दम सोडला आहे असे समजावे.

पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दारांखालून जाणारी पोकळ पट्टी हा या गाडीचा उंबरा. तिच्यावर लोहचुंबक फिरवावा. जेथे चुंबक धरत नाही तेथे पत्रा नाही. तेथे लांबी भरलेली आहे. डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानांत कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडण्याऐवजी भोकात जाळी किंवा कापड कोंबून वर लांबी थापण्याचा प्रकार होतो. त्यावर चमकदार रंग मारला की दोन पावसाळे कोणाला काही कळत नाही. पत्र्यावर बोटाने टिचकी मारल्यास खणखणीत आवाज यावा. भरलेल्या जागी तो दबका येतो.

नंतर आतल्या चटया उचलाव्यात. विक्रेत्याने त्या चिकटवल्या असतील तर उचलू देण्याचा आग्रह धरावा, आणि तो नकार देत असेल तर तेथेच नमस्कार करून निघावे. चालकाच्या पायाखालचा तळ, मागच्या आसनाखालची जागा आणि डिकीतील जादा चाकाखालचा भाग टॉर्चने पाहावा. विक्रेत्याच्या परवानगीने स्क्रू-ड्रायव्हरने हलके दाबून पाहावे. चांगला पत्रा दबत नाही. बॅटरीखालची जागा अवश्य पाहावी, कारण सांडलेल्या आम्लाने पत्रा चाळणीसारखा होतो. पुढच्या काचेभोवतीचे रबर कडक होऊन तडकले असेल, तर पाणी आत झिरपून डॅशबोर्डच्या मागे गंज वाढलेला असतो. सर्वांत शेवटी मागच्या स्प्रिंगांचे पाटे जेथे अंगाला जोडले आहेत त्या जागा पाहाव्यात. संपूर्ण मागचा भार तेथे येतो. तेथे ठिगळावर ठिगळ दिसले तर भाव विचारण्याचेही कारण उरत नाही.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. गंज दिसतो ती गाडी वाईट आणि दिसत नाही ती चांगली, असे नाही. वरच्या पत्र्यावरचा तांबूस डाग, बंपरवरची उडालेली चकाकी, दाराच्या कडेचा ओरखडा हे उघडे दोष असतात. त्यांचा खर्च मोजता येतो. नुकत्याच रंगवलेल्या जुन्या गाडीबद्दल मात्र पहिला प्रश्न असा विचारावा : विकायच्या गाडीला रंग कोणासाठी दिला? रंगाआधीच्या आणि पत्र्याचे काम चालू असतानाच्या छायाचित्रांची मागणी करावी. ज्याने प्रामाणिकपणे काम करून घेतले आहे, त्याच्याजवळ ती बहुधा असतात आणि तो ती अभिमानाने दाखवतो.

कागदही गंजतात

पत्रा पसंत पडला की कागदांकडे वळावे. नोंदणी पुस्तकातील इंजिन क्रमांक आणि चेसिस क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. इंजिन बदललेले असून त्याची नोंद झालेली नसेल, किंवा गंजामुळे चेसिस क्रमांक वाचता येत नसेल, तर आरटीओमध्ये हस्तांतरण अडते. मूळ मालक हयात नसेल तर वारसांची संमती लागते. भावाभावांत वाटणी न झालेल्या घरातील गाडी एकाच भावाकडून घेणे म्हणजे आपल्या दारात दुसऱ्याचा वाद आणून बांधणे होय.

खासगी मोटारीची मूळ नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडीची तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. जुन्या गाड्यांच्या नूतनीकरणाचे शुल्क अलीकडे वाढलेले आहे. नूतनीकरण किती वर्षांपासून थकले आहे हे पाहून तेवढी रक्कम किमतीतून वजा करून बोलणी करावी. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांनाही आता उच्च सुरक्षा नंबरपाटी आवश्यक आहे.

५० वर्षांहून अधिक वयाच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली स्वतंत्र नियम केले. मूळ रूपात जपलेल्या आणि मोठे फेरफार न झालेल्या गाडीची ‘विंटेज’ म्हणून नोंद करता येते. तिच्या नंबरपाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, नूतनीकरणाचे ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षांची. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे अशा ठरावीक कारणांसाठीच ती चालवता येते. ‘पद्मिनी’ नावाच्या पहिल्या गाड्या २०२४ मध्ये या वयाला पोहोचल्या. गाडी दुकानावर नेण्यासाठी हवी आहे की सणासमारंभासाठी, याचा निर्णय नोंदणीपूर्वी व्हायला हवा.

इंधनाचाही विचार आहे. पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे भाग त्यासाठी घडवलेले नव्हते. इथेनॉल ओलावा ओढून घेते, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी आतून गंजू शकते. नळ्या बदलून घेणे आणि गाडी नियमित चालवणे हे दोन खर्च गृहीत धरावेत.

जमाखर्चाची दोन पाने

आता बार्शीच्या त्या घरातील दोन गाड्यांचा हिशेब मांडून पाहू. पुढील आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी कल्पिलेले आहेत. गावागावांत आणि कारागिरागणिक ते बदलतील.

मुंबईची गाडी १,२०,००० रुपयांना मिळाली असे धरू. चुंबकाने उंबऱ्यात, तळात आणि मागच्या कमानींत लांबी दाखवली आहे. सर्व कुजका पत्रा कापून नवा जोडणे आणि रंग, २,५०,०००. इंजिन, ब्रेक आणि स्प्रिंगा, ७०,०००. रबर, चकाकीचे भाग आणि पत्र्याच्या कामात सोडवावी लागणारी आसने, ८०,०००. टायर, बॅटरी आणि वायरिंग, ४०,०००. कागद, २०,०००. एकूण ५,८०,००० रुपये. शिवाय गाडी कारखान्यात किती महिने राहील याचा नेम नाही, आणि पत्रा उघडल्यावर खर्च वाढतो, कमी होत नाही.

सोलापूरची गाडी ३,००,००० रुपयांना. पत्र्याची किरकोळ डागडुजी ३०,०००; इंजिन आणि ब्रेक ५०,०००; आसनांची दुरुस्ती २०,०००; टायर, बॅटरी आणि वायरिंग ३०,०००; कागद २०,०००. एकूण ४,५०,००० रुपये. रंग फिका राहील, पण तो मूळचा असेल.

जी गाडी १,८०,००० रुपयांनी महाग वाटत होती, ती शेवटी १,३०,००० रुपयांनी स्वस्त पडली. काम पूर्ण झाल्यावर बाजारात दोन्ही गाड्यांचा भाव जवळपास सारखाच येईल, कारण घेणारा मालकाने केलेल्या खर्चाला भाव देत नाही, समोरच्या वस्तूला देतो. स्वस्तातली घ्या हा वडिलांचा सल्ला काटकसरीचा होता, परंतु त्यात स्वस्त कोणते हे ठरवण्यात गफलत होती.

तरीही धाकट्या काकांचा प्रश्न उरतोच. ४,५०,००० रुपयांवर शेकडा ७ दराने वर्षाला ३१,५०० रुपये व्याज होते. त्यात विमा, देखभाल आणि जागा मिळवली की ही गाडी दर महिन्याला काय खाते ते कळते. जुन्या मोटारींचे भाव वाढतात म्हणून ही गुंतवणूक आहे, असे पुष्कळजण सांगतात. पद्मिनी मात्र दुर्मीळ गाडी नाही. ती कित्येक वर्षे मोठ्या संख्येने तयार झाली. ती घ्यायचीच असेल तर तिला गुंतवणुकीच्या खात्यात न लिहिता घरखर्चाच्या खात्यात लिहावे. हौसेचा खर्च करण्यात गैर काही नाही. हौसेला व्यापाराचे नाव दिले की मात्र हिशेब बिघडतो आणि पुढे नातीही बिघडतात.

म्हणून पैसा दुकानाच्या खेळत्या भांडवलातून काढू नये आणि कर्ज घेऊन तर मुळीच नाही. एकत्र कुटुंबात ज्याला हौस आहे त्याने आपल्या वाट्यातून खर्च करावा, किंवा सर्वांनी संमतीने वर्गणी काढावी. कमाल रकमेचा आकडा आधी कागदावर लिहून ठेवावा. मूळ किंमत आणि दुरुस्ती मिळून त्या आकड्याच्या तीन-चतुर्थांशाच्या आत बसत असेल तरच पुढे जावे. उरलेला चतुर्थांश पत्र्याच्या आत दडलेल्या खर्चासाठी असतो.

घ्यावी कोणी, न घ्यावी कोणी

ज्यांच्याकडे छप्पर असलेली कोरडी जागा नाही, त्यांनी जुनी पद्मिनी घेऊ नये. उघड्यावर उभी केलेली दुरुस्त गाडीही काही पावसाळ्यांत पुन्हा पूर्वपदावर जाते. रोज महामार्गावर धावणारी गाडी हवी असेल त्यांनीही घेऊ नये. तिचे ब्रेक, दिवे आणि अंगाची ताकद त्या काळच्या वेगासाठी होती. गावात पत्र्याचे चांगले काम करणारा हात नसेल, आणि घरातील कोणालाही स्वतः गाडीखाली डोकावण्याची आवड नसेल, तरीही विचार सोडून द्यावा.

ज्यांना आठवड्यातून एकदा ती बाहेर काढायला वेळ आहे, जागा आहे, गेलेला पैसा परत येणार नाही हे ज्यांनी मान्य केले आहे आणि घरातील इतरांचाही त्याला विरोध नाही, त्यांनी ती खुशाल घ्यावी. घरचीच जुनी गाडी गोदामात धूळ खात पडली असेल, तर तीही याच कसोट्यांवर पाहावी. आपली म्हणून तिचा पत्रा कमी सडत नाही. तळ आणि उंबरे शाबूत असतील तर मात्र अनोळखी दहा गाड्यांपेक्षा ती बरी, कारण तिचा सगळा इतिहास घरातच असतो.

आणखी एक कसोटी आकड्यांत बसत नाही. गाडी नेमकी कोणासाठी घ्यायची आहे? बार्शीच्या त्या घरात सर्वजण आजोबांच्या मनातले ओळखू पाहत होते; त्यांना विचारले कोणीच नव्हते. विचारले असते तर कदाचित ते म्हणाले असते, “ती गाडी विकून मी सगळ्यांची देणी चुकती केली, त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. तुम्हांला हौस असेल तर घ्या, माझ्यासाठी म्हणून घेऊ नका.” किंवा असेही म्हणाले असते, की एकदा तिच्यात बसून बाजारपेठेतून जायचे आहे. पहिल्या उत्तराने साडेचार लाख वाचतात. दुसऱ्या उत्तरासाठी साडेचार लाख खर्च करणे एखाद्या घराला योग्य वाटेल. किंवा एका दिवसापुरती कोणाची तरी जपलेली पद्मिनी मागून आणणेही पुरेल. विचारणे मात्र फुकट आहे, आणि ते सौद्याच्या आधी व्हायला हवे.

घेतल्यानंतर

गंज कायमचा जात नाही. त्याला पुढे ढकलता येते. दर पावसाळ्यापूर्वी दारांच्या व उंबऱ्यांच्या तळाशी असलेली पाण्याची भोके तारेने मोकळी करावीत. पोकळ्यांत मेणयुक्त किंवा तेलकट संरक्षक द्रव फवारून घ्यावा. तळावर जाड काळा थर देण्यापूर्वी गंज पूर्ण खरवडून रेड ऑक्साइडसारखा प्रायमर दिल्याची खात्री करावी. गंजावर थर दिल्यास तो ओलावा आत कोंडतो आणि पत्रा झाकल्या झाकल्या सडतो. प्लास्टिकचे घट्ट आच्छादन घालू नये, हवा खेळेल असे कापड घालावे. पावसात गाडी नेलीच तर चटया काढून वाळवाव्यात. किनाऱ्यावर जाऊन आल्यावर तळ गोड्या पाण्याने धुवावा. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवावी, म्हणजे इंजिनातील ओल जाते, ब्रेक धरून बसत नाहीत आणि लहान बिघाड मोठा होण्याआधी कानावर येतो.

आणि हे सारे पुढचे. सौद्याच्या दिवशी विक्रेता म्हणेल की दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी यायचे आहे, इसार आत्ताच द्या. दुसरे गिऱ्हाईक खुशाल येऊ द्यावे. गाडी जॅकवर चढेपर्यंत, चटया उचलल्या जाईपर्यंत आणि क्रमांक पुस्तकाशी जुळेपर्यंत खिशातून एक रुपयाही काढू नये. पद्मिनी पुष्कळ आहेत. चांगल्या पत्र्याची एखादी सापडेपर्यंत थांबता येते.